पाच वेळा गाळली, म्हणून काय झालं?

सापगावचा पूल ओलांडून शहापूरच्या बाजारात आलात, की दारूच्या दुकानातल्या व्होडकाच्या बाटल्यांवरचे आकडे वाचा. एक ‘ट्रिपल डिस्टिल्ड’, दुसरी ‘फाइव्ह टाइम्स’. गाळण्याच्या फेऱ्या वाढल्या की किंमत वाढते आणि घेणारा समजतो, ही घशाला लागणार नाही. माझ्या मते हा आकडा गिऱ्हाइकाची सरळ दिशाभूल आहे.

आपल्याकडची बहुतेक व्होडका साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या मद्यार्काची असते. तो उंच मनोऱ्यात गाळतात. आत एकावर एक ताटल्या असतात आणि प्रत्येक ताटलीवर वाफ थंडावते, पुन्हा उकळते. म्हणजे एकाच फेरीत कित्येक फेऱ्या उरकतात. एनियस कॉफी या आयर्लंडमधल्या माजी अबकारी अधिकाऱ्याने अशा मनोऱ्याचं पेटंट घेतलं ते १८३० साली. मग ‘पाच वेळा’ हे मोजलं कुठून? शिवाय मद्यार्क साधारण ९६ टक्क्यांवर येऊन अडतो, साध्या गाळण्याने त्यापुढे जातच नाही. नंतर पाणी घालून तो ४२.८ टक्क्यांवर आणतात. आग होते ती या ४२.८ची. मिरचीने घशातले जे संवेदक पेटतात, त्यांनाच मद्यार्क इतकं हळवं करतो की अंगाची नेहमीची ऊबही चटका वाटते. फेऱ्या वाढवून ही आग कमी होत नाही. बर्फगार केली, पाणी जास्त घातलं, कंपनीने किंचित साखर किंवा ग्लिसरीन मिसळलं, तर ‘स्मूथ’ लागते.

फेऱ्यांना अर्थ आहे तो भट्टीवर. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक येतो, जेमतेम १५ टक्क्यांचा. पुन्हा गाळला की फेणी, चाळिशीच्या वर. वास, चव, ताकद, सगळंच बदलतं. पहिल्या धारेत उग्र, चटकन उडणारी द्रव्यं येतात, शेवटच्या धारेत जड आणि कुबट. दोन्ही टोकं कुठे तोडायची हे ज्याला कळतं, त्याची दारू मऊ. ‘पहिल्या धारेची’ म्हणून आपण जिचं कौतुक करतो, ती कडक असते, चांगली असेलच असं नाही.

आणि इथेच मला राग येतो. डोळखांब, टोकावड्याच्या पट्ट्यात फाल्गुन-चैत्रात मोहाचा सडा पडतो. ठाकर, कातकरी, वारली यांच्या देवाधर्माला मोहाची धार लागते. पण ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहफुलांवर इंग्रजांनी १८९२ साली खास कायदा लादला, आणि स्वतंत्र भारतात १९४९चा दारूबंदी कायदा आला. फेऱ्या मोजण्यात जिथे खरी कारागिरी आहे, तिथे भट्टी लावणं गुन्हा. त्यामुळे दारू चोरून, घाईघाईने गळते. गूळ, नवसागर, हाताला येईल ते पडतं आणि तपासायला कोणी नसतं.

या अंधारात माणसं मरतात. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक जण गेले, मिथेनॉलने. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, पिण्याचा मद्यार्क ७८.४ला. त्यावरून कोणी म्हणेल, आणखी एकदा गाळली की विष निघून जाईल. जात नाही. भट्टीत दोन्ही एकमेकांत मिसळून वर येतात. ‘डबल गाळलेली आहे, बिनधास्त घे,’ असं सांगणाऱ्याच्या हातून थेंबही घेऊ नका.

फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोव्याने तिला वारसा पेय ठरवलं. तसा परवाना आणि तशी तपासणी शहापूर-मुरबाडच्या मोहाला द्यायला सरकारला कोण अडवतंय? आणि व्होडकावाल्यांनी तो पाचाचा आकडा काढून त्या जागी छापावं: मद्यार्क मळीचा की धान्याचा, आणि साखर किती घातली.