श्रीमान सिलेक्ट स्टार यांना अनावृत पत्र

माळशिरस, जि. सोलापूर

प्रति,
श्रीमान सिलेक्ट स्टार,
मुक्काम : माझ्या डॅशबोर्डमागची क्वेरी

स. न. वि. वि.

आपली कृपा आहे. क्लाउडवरच्या डेटाबेसचं खातं उघडताना मिळालेलं फुकटचं क्रेडिट आपण चाटूनपुसून संपवलंत आणि मग माझ्या कार्डाकडे वळलात. पाहुणचारात काही कमी राहिलं असेल तर क्षमस्व.

आपलं घराणं थोर. १९७४ साली आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. आम्ही कॉलेजात पहिली ओळ शिकलो ती आपलीच : सिलेक्ट स्टार, म्हणजे टेबलातलं आहे नाही ते सगळं आणा. घरच्या कॉम्प्युटरवर आपण किती खाता हे कधी कुणी मोजलं नाही. त्यातून माझा पिंड इथला. नीरा उजव्या कालव्याची पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र बघून, मीटर नसलेल्या मोटारीचं बिल अश्वशक्तीवर, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना तेही माफ. थेंब मोजायची सवय लागणार कुठून? आपण नेमकं हेच हेरलंत.

आता आपल्या पराक्रमाचा हिशेब. उसाच्या ५०० प्लॉटांत ओलाव्याचे सेन्सर. दर मिनिटाला प्रत्येकाची एक नोंद, नोंदीत ४० रकाने. वर्षाला २६ कोटी २८ लाख ओळी. रकान्याला आठ बाइट धरले तर साधारण ८४ जीबी. माझा प्रश्न एवढाच होता : आज कोणत्या प्लॉटला पाणी द्यायचं? त्याला लागतात तीन रकाने : प्लॉट, वेळ, ओलावा. तेही आजचेच. म्हणजे सव्वासतरा एमबी. आपण दर खेपेला ८४ जीबी वाचलेत. पाच हजारपट भूक! धन्य तो जठराग्नी.

विश्लेषणाचे डेटाबेस रकाने वेगवेगळे साठवतात, हे आपल्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणू? किराणा दुकानात पोती मांडलेली असतात तसं. शेंगदाणे मागितले की शेंगदाण्याचंच पोतं उघडतं. या डेटाबेसांची सगळी चपळाई त्यातच आहे. आपण मात्र दारातूनच ओरडता, ‘सगळी पोती सोडा!’ वर ‘दहाच ओळी दाखवा’ म्हणणारे आपले जोडीदार श्री. लिमिट दहा. त्यांना मी तारणहार समजत होतो. साध्या टेबलावर ते काय करतात, तर सगळी पोती ओतायला लावून दहा दाणे घेऊन घरी जातात. बिल ओतलेल्या मालाचं लागतं, नेलेल्या दाण्यांचं नाही.

आणि डॅशबोर्ड! दर पाच मिनिटांनी ताजा व्हावा, ही हौस माझीच. आमच्याकडे मोटारीला ‘ऑटो’ बसवतात. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू, मालक झोपलेला. तसेच आपण रात्रभर चाललात. वारीत सदाशिवनगरच्या रिंगणातला अश्वसुद्धा फेऱ्या झाल्या की थांबतो. आपल्या दिवसाला २८८ फेऱ्या. नवी नोंद दर मिनिटाला पडत असल्यामुळे जुनं उत्तर राखून ठेवण्याची सोयही कामी आली नाही. बिगक्वेरीसारखी सेवा महिन्याचा पहिला एक टेराबाइट फुकट वाचू देते. आपल्या वेगाने तो तासाभरात संपेल. स्नोफ्लेकसारख्या सेवा वाचन मोजत नाहीत, यंत्रणा जागी किती वेळ होती ते मोजतात. तिथेही आपलं भागतं : दहा मिनिटं काम नसेल तर झोपायची मुभा असलेल्या यंत्रणेला दर पाच मिनिटांनी हलवलं, तर ती झोपणार कधी?

बजेटची सूचना मी लावली होती, हे कबूल करतो. ती मेलवर आली, वेळेवर आली. पण सूचना म्हणजे घंटा. कालव्याचं दार नव्हे. घंटा वाजत राहिली, पाणी वाहत राहिलं, आणि मेल मी सकाळी चहासोबत वाचला.

तरी आपल्याला पुढीलप्रमाणे हद्दपार करण्यात येत आहे. टेबलाचे तारखेप्रमाणे वाफे पाडले आहेत. तारीख न सांगणाऱ्या क्वेरीला बांधावरूनच परत पाठवलं जाईल. रकान्यांची नावं एकेक करून लिहिली जातील. क्वेरी चालवण्याआधी ती किती वाचणार याचा अंदाज पाहिला जाईल आणि तिच्यावर कमाल मर्यादा राहील. ओलांडली तर क्वेरी चालणारच नाही. डॅशबोर्ड दिवसातून दोनदा ताजा होईल, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. ऊस पाच मिनिटांत वाळत नाही.

क्लाउडवर नवं खातं उघडणाऱ्या तालुक्यातल्या पोरापोरींनो, पहिल्या दिवशी टेबल बनवण्याआधी मर्यादा घाला. क्रेडिट फुकट असतं, सवय फुकट नसते.

कळावे, लोभ आटोपता घ्यावा.

आपला,
एक बिलदार

ता. क. : आपण ८४ जीबी वाचून जे उत्तर आणलंत, ते सात प्लॉटांचं होतं. पाटकऱ्याने तेच सात प्लॉट माती मुठीत दाबून आदल्या संध्याकाळीच सांगितले होते.