जीर्णोद्धार झाला, आता देऊळ शोधा

यादवकाळातल्या कारागिरांना फारसं काही कळत नव्हतं, हे आता गावोगाव सिद्ध झालंय. चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून त्यांनी हेमाडपंती देवळं उभारली, ती सातशे वर्षं टिकली. पण रंग द्यायचं मात्र विसरले! ती चूक आपण दुरुस्त करतोय. खांबांना ऑइलपेंट, सुरसुंदरीला गुलाबी गाल, गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरश्या, वर सिमेंटचं शिखर आणि डोळ्यांत भरेल असा देणगीदारांचा फलक. रंगाखाली कोंडलेली ओल दगडाचे पापुद्रे काढते, असं तज्ज्ञ सांगतात. पण तज्ज्ञ वर्गणी देत नाहीत.

सरकारही स्वस्थ नाही. ते संरक्षित स्मारकाचा फलक लावतं. 1958 चा कायदा, 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. फलकाच्या खांबाला शेळी छान बांधता येते. 100 मीटरच्या आत कुणी घराची भिंत वाढवली की कायद्याला खडबडून जाग येते. कोरीव दगड ट्रॅक्टरमधून निघाला की मात्र डुलकी लागते.

2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले 11 महाराष्ट्रातले. पेढे वाटले गेले. यादीबाहेरच्या गढ्या आणि बारवांच्या वाट्याला नेहमीचाच कचरा.

तेव्हा जीर्णोद्धाराची पावती फाडायला मंडळी आली, तर वर्गणी जरूर द्या. फक्त रंगाच्या डब्यांसाठी नको. शिखरावरचा पिंपळ जाणकाराकडून काढून घ्यायला द्या.