लालबागच्या सिग्नलला वारा

गाडीला समोरून वारा लागला पाहिजे, अशी भाच्याची ठाम समजूत. राहतो परळला, नोकरी गिरगावात. या वाटेवर वारा लागणार कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. २००४ मध्ये आपल्याकडे आलेली, १.८ लिटर टर्बो, १५० घोड्यांची. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तसंच. तापलेली हवा विरळ, म्हणजे प्राणवायू कमी. वर इंजिन नॉक करायची भीती. म्हणून मधे इंटरकूलर. कंपनीने तो लहानसा करून बंपरच्या कोपऱ्यात, चाकापुढे दडवलाय. भाच्याला तो मोठा आणि थेट तोंडावर हवा होता.

बंपर उतरला तशी गॅलऱ्यांत गर्दी झाली. मिस्त्रीने आतलं प्लॅस्टिक कापायला घेतलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजी कळवळल्या, "अरे, धडधाकट गाडी कशाला फाडताय? घरातला पंखा दुरुस्त करा आधी!" मिस्त्री ढिम्म. सिलिकॉनच्या नळ्या पाइपांवर चढवल्या, क्लॅम्प आवळले, कॉम्प्रेसरने हवा सोडली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. एका सांध्यावर बारीक फेस धरला. "मामा, इथेच तुमची पॉवर पळते," म्हणत त्याने क्लॅम्प दोन आटे आणखी पिळला. सगळ्या कामात मला पटलं ते एवढंच.

आता हा बोजा रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरपुढे बसलाय. म्हणजे त्यांच्या वाट्याचा वाराही हाच खातो. लांबलेल्या नळ्या भरेपर्यंत टर्बोही जरा उशिराच जागा होतो. लालबागच्या सिग्नलला शेजारच्या बसची गरम हवा तेवढी मिळते. कोस्टल रोडवर वारा भरपूर, पण तिथे मर्यादा ताशी ८० किलोमीटरची. त्यात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलंय, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत चालणार नाहीत. भाचा म्हणतो, गाडी हलकी वाटते. वाटत असेल. खिसा तर नक्की झालाय.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे खूळ असेल, तर आधी जुन्याच नळ्यांत हवा सोडून साबणाचं पाणी मारून बघा. फेस आला, तर एका क्लॅम्पवर काम भागेल.