शपथ, खावटी आणि सात मुदती

ॲड. के. सी. ऊर्फ कागडा चांद्या पाडवी 1990 ते 2019 या काळात सलग सात वेळा विधानसभेवर निवडून आले; आधी अक्राणीतून, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर अक्कलकुव्यातून. अक्कलकुवा हा राज्याच्या यादीत पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ आहे. विकासाची यादी बहुधा दुसऱ्या टोकाकडून मोजतात. सातपुड्यातले मोलगी याच मतदारसंघात येते. देवगोईचा घाट चढून तिथवर गाडी पोचते. पलीकडच्या काही पाड्यांवरचा आजारी माणूस मात्र बांबूला बांधलेल्या झोळीतून आणावा लागतो. वर्तमानपत्रांनी तिला ‘बांबुलन्स’ म्हटले. नाव ठेवायला निविदा लागत नाही.

वकिलाचे सारे भांडवल शब्द. 30 डिसेंबर 2019 रोजी मंत्रिपदाची शपथ घेताना पाडवींनी नमुन्याबाहेरचे चार शब्द जोडले, तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी भर मंचावर चिडले आणि त्यांनी शपथ पुन्हा घ्यायला लावली. घटनेच्या पाचव्या अनुसूचीने अक्कलकुव्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांना कायदासुद्धा थोपवण्याचा अधिकार दिला आहे. त्या दिवशी गाजले ते वाक्य थोपवणे.

खाते मिळाले आदिवासी विकासाचे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, मजुरी बुडाली. खावटी ही मुळात पावसाळ्यात हाताला काम नसते त्या दिवसांची योजना. ती पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला सप्टेंबरात, म्हणजे पावसाळा सरत आला तेव्हा. 11 लाख 55 हजार कुटुंबांना प्रत्येकी 4,000 रुपये द्यायचे ठरले. निम्मे रोख, निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात. मग याद्या, मान्यता, खरेदी असे सोपस्कार झाले. 2021 उजाडले तरी वाटप चालूच होते. भुकेने तोवर कळ काढावी, अशी शासनाची अपेक्षा असावी. जून 2022 मध्ये ते सरकार गेले आणि पाडवींचे मंत्रिपदही.

मतदार तसे सबुरीचे. एका वकिलाला त्यांनी सात मुदती दिल्या. 2019 च्या विधानसभेला मात्र शिवसेनेचे आमश्या पाडवी जेमतेम दोन हजारांनी मागे राहिले, ही नोटीसच होती. जून 2024 मध्ये के. सी. पाडवींचे चिरंजीव ॲड. गोवाल हे तेव्हाच्या खासदार हीना गावित यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवून लोकसभेत गेले. घरची वकिली दिल्लीला पोचली. नोव्हेंबरात विधानसभेला त्याच हीना गावित अपक्ष म्हणून अक्कलकुव्यात उतरल्या, लढत तिरंगी झाली, आणि शिवसेनेच्या शिंदे गटात गेलेले आमश्या पाडवी तीन हजारांहून कमी मतांनी निवडून आले. आठवी मुदत नामंजूर झाली.