मास्टर ट्रेनर

निवडणुकीचा आदेश आला की गुरुजी लोकांना एकदम पाठीचे, मणक्याचे, साखरेचे त्रास सुरू होतात. कंधार भागातल्या एकाच माणसाची तब्येत त्या दिवशी सुधारते. ते म्हणजे मतदान कर्मचाऱ्यांना शिकवणारे मास्टर ट्रेनर सर. एरवी झेडपीच्या शाळेत चौथीला भागाकार शिकवतात, पण माइक हातात आला की मुख्य निवडणूक आयुक्तसुद्धा मागच्या बाकावर बसलेत असं समजून बोलतात.

सरांचा जिल्हा नांदेड, पण त्यांचा लोहा विधानसभा मतदारसंघ लोकसभेला लातुरात मोडतो. २०२४ला नांदेडचं मतदान २६ एप्रिलला उरकलं, सरांचं ७ मेला होतं. मधल्या दिवसांत त्यांनी नांदेडच्या ओळखीच्या केंद्राध्यक्षांना फोन लावून लावून कुणाचं काय चुकलं, ते वहीत उतरवलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! वहीवर नाव : 'प्रशिक्षण सुधारणा'. पहिलीच नोंद होती, 'स्लाइड कमी करणे'. त्याप्रमाणे पुढच्या सत्रात 'आपण स्लाइड कमी केल्या आहेत' अशी एक स्लाइड वाढली.

खरं सांगायचं तर स्लाइडवर कुणी शिकत नाही. तिथं पंखा कुठला फिरतोय, हजेरीचा कागद कुठवर आलाय आणि भत्ता आज मिळणार का, एवढंच पाहिलं जातं. शिकतात ते सर खुर्ची सोडून नाटकात शिरतात तेव्हा. ते कमरेत वाकतात, खिशातला रुमाल डोक्याला गुंडाळतात आणि म्हातारे मतदार होतात.

"माझं मत कुणी टाकलं रं? मी तर आत्ता आलोय की!"

समोर बसवलेला केंद्राध्यक्ष गडबडून म्हणतो, "असू द्या बाबा, दाबा बटण."

"झालं! गेलात सस्पेंड!" सर ताठ होतात. "मशीनवर नाही गुरुजी, मतपत्रिकेवर! प्रदत्त मत! फॉर्म सतरा-बीमध्ये नोंद!"

झोपलेले जागे होतात. मग सर लगेच पोलिंग एजंट होऊन मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतात. आक्षेपाचे दोन रुपये भरायचे म्हणून नाणं मागतात. अख्ख्या सभागृहात दोन रुपये निघत नाहीत. मागून आवाज येतो, "सर, फोनपे चालतंय का?" सर उत्तर देत नाहीत, वही काढतात.

मॉकपोलची, म्हणजे चाचणी मतदानाची, किमान पन्नास मतं टाकून झाली की क्लोज, रिझल्ट, क्लिअर. हे ते हरिपाठासारखं म्हणवून घेतात. शेवटी अभिप्रायाचे फॉर्म. ते चहाच्या वेळीच भरून झालेले असतात. सगळीकडे 'उत्कृष्ट'. सूचनेच्या रकान्यात 'पंखे वाढवावेत'.

या 'उत्कृष्ट'वर सरांचा काडीचा विश्वास नाही. त्यांचा निकाल मतदानादिवशी पहाटे लागतो. सातला मतदान, त्याआधी दीड तास मॉकपोल. म्हणजे साडेपाचला फोन सुरू.

"सर, व्हीव्हीपॅट चालूच होईना!"

"मागचा नॉब आडवाच आहे का? उभा करा."

"थांबा... झालं की!"

मे महिन्यात असे फोन इतके आले, की सरांचा चहा तीनदा गार झाला. वहीत नोंद पडली : 'नॉब दाखवू नये. प्रत्येकाच्या हातानं फिरवून घ्यावा.'

नोव्हेंबरात विधानसभा आली. नांदेडात तिच्यासोबत लोकसभेची पोटनिवडणूकही होती, म्हणजे एकेका केंद्रावर दोन-दोन कंट्रोल युनिट. लोह्यात एकच. सरांना हे मनाला लागलं. त्या चिडीत की काय, त्यांनी स्लाइड बंद ठेवल्या आणि एकेकाला मशीनपाशी बोलावलं. रांग लागली. नॉब फिरले, सील लागले, दोन मॅडमांनी तर सरांच्याच चुका काढल्या. जेवण तीनला सुटलं. अभिप्राय : 'भाजी गार.'

२० नोव्हेंबरला साडेपाच वाजले. पावणेसहा. फोन गप्प. सरांनी रेंज तपासली, फोन बंद करून चालू केला. सहाला राहवेना, म्हणून स्वतःच एका केंद्राध्यक्षाला लावला.

"काय, व्यवस्थित आहे ना? एरर-बिरर?"

"काही नाही सर. मॉकपोल चाललाय. ठेवू का?"

"बघा बरं नीट एकदा," सर म्हणाले, "एखादी तरी असंल."