कळंबा सगळ्यात शेवटी

कोल्हापूरच्या माणसाला काहीही सांगावं, पण शांतपणे वाट बघ म्हणून सांगू नये. रांगेत उभा असला तरी तो पुढच्याला ‘सरका की पावणं’ म्हणून ढोसत असतो. आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पंचांग नेमकं तेच सांगतं. ३० नोव्हेंबरच्या जवळचा रविवार आला की आगमनकाळ लागतो. नाताळाआधीचे चार रविवार धरून हा काळ. यात करायचं काय, तर थांबायचं. प्रभू येणार आहे, मन झाडून घ्या, आवाज कमी करा, वाट पाहा. पहिल्या रविवारी पाळकसाहेब हे उपदेशात फार गोड सांगतात. ऐकताना वाटतं, यंदा जमणार. मग आशीर्वादाचं ‘आमेन’ अजून छताला टेकलेलं नसतं, तोवर जाहिराती सुरू होतात. कॅरल पार्टीची मीटिंग मंगळवारी, शब्बाथ शाळेच्या नाटिकेची तालीम रोज सहाला, महिला मंडळानं फराळाचं सामान आणायचं, मंडपवाल्याला उचल द्यायची, आणि मागच्या वर्षीची लायटिंगची माळ ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपा करून परत करावी. शांतता तिथेच संपते.

आमचा हा दंगा आमच्या गुरूंच्या पूर्वजांनी पाहिला असता, तर कपाळाला हात लावला असता. कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं ते रॉयल गूल्ड वायल्डर यांनी, १८५२ साली. शहरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चला नाव त्यांचंच. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच कोल्हापुरात जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी करून नावाजला गेला. जन्मानं कोल्हापूरकर, तेव्हा चळवळ केली यात नवल नाही. तर हे थोरले वायल्डर व्हरमाँटचे, म्हणजे न्यू इंग्लंडकडचे. त्याच मुलखात मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. बायबलात २५ डिसेंबर कुठं लिहिलाय दाखवा, असा त्या प्युरिटन लोकांचा रोकडा सवाल. १६८१ साली कायदा गेला, मनातली अढी जायला आणखी वेळ लागला. आमचा पंथ प्रेस्बिटेरियन; त्याचं माहेर जे स्कॉटलंड, तिथं तर नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडलं. सांगायचं ते हे, की आमच्याकडे आला तो पांढऱ्या भिंतींचा, लांब उपदेशाचा, सरळ पाठीच्या बाकांचा धर्म. त्यात चांदण्या, करंज्या, ढोलकी आणि तांबडा रस्सा आम्ही आमच्या पदरचा घातला. पाच शिलिंगांचा दर अजून लागू असता, तर मंडळीच्या हार्मोनियमवर जप्ती आली असती.

मेणबत्त्यांचं चक्र हे त्यातलं सगळ्यात नवं खूळ. आमच्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणी हे नव्हतं. हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं, त्यावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, मध्ये पांढरी. दर रविवारी एक वाढवत न्यायची, पांढरी नाताळात लावायची. मूळ गोष्ट हॅम्बुर्गची. तिथं योहान विखर्न गरीब मुलांचा आश्रम चालवायचे. डिसेंबर लागला की पोरं रोज डोकं खायची, नाताळ किती दिवसांवर आला? १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी, रविवारची मोठी. मोजा म्हणाले आता. चाकाची आम्हाला अडचण नव्हती. गारगोटी रस्त्यावर निम्म्या हॉटेलांच्या दारात बैलगाडीचं चाक रंगवून टेकवलेलं असतं, एखादं मागितलं असतं. अडलं ते जांभळ्या मेणबत्तीपाशी. दुकानदार म्हणाला, ‘जांभळी न्हाई. लाल घ्या, नाताळला लालच जाती.’ शेवटी मंडळीच्या एका उत्साही एल्डरांनी पांढऱ्या मेणबत्त्यांना जांभळा क्रेप कागद गुंडाळून दिला. दुसऱ्या रविवारी, ऐन मध्यस्थीच्या प्रार्थनेत, तो कागद पेटला. सगळ्यांचे डोळे मिटलेले. शब्बाथ शाळेची पोरं प्रार्थनेत डोळे कधीच मिटत नाहीत, त्यांनीच ते पाहिलं, आणि ती इतकी रंगून पाहत होती की ओरडायचं कुणाला सुचलं नाही. डिकनांनी फुलदाणीतलं पाणी ओतलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना मध्ये तोडली नाही, फक्त आजाऱ्यांची यादी जरा लवकर संपवली.

घरोघरी याच दिवसांत डब्यांचा प्रश्न ऐरणीवर येतो. दिवाळीत शेजारपाजारच्या घरांतून फराळाची ताटं येतात. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तर आपल्याकडचा अलिखित कायदा. आता आमच्याकडे दिवाळीत चकली कुठून येणार? म्हणून ती भांडी नाताळापर्यंत स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर थांबतात. एका स्टीलच्या डब्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेली आहे, एका ताटलीवर कुणाच्या तरी आजोबांचं ‘स्मरणार्थ’. डिसेंबरच्या मध्यावर घरातली बाई स्टुलावर उभी राहून एकेक खाली घेते, उलटं करून नाव वाचते आणि त्या हिशेबानं करंज्या मोजते. आगमनकाळाची खरी यादी ही. ज्यांच्याकडून यंदा आलं नाही, त्यांनाही पाठवायचं की नाही, यावर घरात जी चर्चा होते ती मंडळीच्या वार्षिक सभेतही होत नाही.

करंजी, चकली, शंकरपाळी घरात होतात. केक मात्र बेकरीत. पीठ-साखर-अंडी घरून कालवून न्यायची आणि भट्टीत भाजून आणायची, ही पद्धत घरोघरी ओव्हन आले तरी काही घरांनी सोडलेली नाही. रात्री पावाची भट्टी रिकामी झाली की बेकरीवाला फळीवर डबे सरकवतो. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून चिठ्ठ्या लावून उपयोग नाही, त्या करपतात. त्यामुळे प्रत्येक डब्याच्या काठाला खूण असते. कुणाचे खिळ्यानं पाडलेले तीन ठिपके, कुणाचा वाकवलेला कान. तरी अदलाबदल होतेच. आपल्या घरी दुसऱ्याचा केक आला आणि तो आपल्यापेक्षा चांगला निघाला, तर परत न करण्याचा मोह साध्या माणसाला आवरत नाही. सुक्या मेव्याबद्दल एक सांगायला हवं. तो भिजवायचा संत्र्याच्या रसात, कारण आमचं घराणं मिशनऱ्यांच्या शिस्तीतलं, द्राक्षरसाशीसुद्धा संबंध फक्त प्रभुभोजनापुरता. पण मंडळीत एका काकांच्या घरचा केक दरवर्षी इतरांपेक्षा काळसर आणि जास्त वासाचा असतो. कुणी काही विचारत नाही. दुसरा तुकडा मात्र सगळे मागतात.

आता नाटिका. इतर गावांत मरीया कोण होणार यावर रुसवेफुगवे होत असतील. कोल्हापूर पडलं सिनेमा-तमाशाचं गाव, इथं खलनायकाला मान. प्रत्येक पोराला हेरोद व्हायचं असतं. मिशी, तलवार, खदाखदा हसणं, आणि ‘बेथलेहेमातलं एक पोर सोडू नका!’ हे आमच्याच एका बाईंनी लिहिलेलं वाक्य. कपडे भाड्यानं येतात, त्यामुळे आमचा हेरोद बहुतेक वेळा कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराच्या अंगरख्यात असतो. मेंढपाळांची सोय उत्तम, खरी घोंगडी खांद्यावर. अडचण योसेफाची. सबंध शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. स्वप्न पडतं, उठतो, सांगितलेलं करतो. नाटिकेतही तो काठी धरून उभा. गेल्या खेपेला ज्या पोराला योसेफ दिला त्याची आई तालमीला आली आणि म्हणाली, ‘बाई, आमच्याला एक तरी डायलॉग द्या की. पाहुणे येणार हाईत बघायला.’ बाईंनी बायबल उघडून दाखवलं. आई म्हणाल्या, ‘ते खरं. पण तेवढं “चल मरीये” तरी म्हणू दे.’ दिलं. प्रयोगात तो इतक्या ठसक्यात म्हणाला की टाळ्या पडल्या, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. मला विचाराल तर त्या कथेत न बोलणारा तो एकटाच माणूस मला जवळचा वाटतो. पण हे मी तालमीत बोलत नाही.

गाण्यांवरून भांडण ठरलेलं. आमच्याकडे एक पक्ष हार्मोनियम-तबल्याचा, दुसरा कीबोर्डचा. जुन्या पक्षाचं म्हणणं भारदस्त असतं. फादर स्टीफन्सनी ओवीत लिहिलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला पण अभंग सोडला नाही, त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि तुम्ही टिळकांचं भजन त्या पिपाणीवर वाजवणार? यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. म्हणाला, काका, हार्मोनियम तरी कुठं पंढरपूरचं आहे, १८४२ साली पॅरिसला पेटंट झालंय त्याचं. काकांना क्षणभर काही सुचेना. मग म्हणाले, ‘१८४२ साली “ज्ञानोदय” पत्रसुद्धा सुरू झालं. म्हणजे चांगलं साल होतं.’ या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. दोन्ही वाद्यं ठेवायचं ठरलं. दोन्हींची पट्टी जुळत नाही, ते २५ तारखेला सगळ्यांना ऐकू येतं.

वाट पाहण्याचं म्हणाल तर ते आम्ही राहतो त्या कळंबा गावानं शिकवावं. तलाव भरून सांडव्यावरून कधी वाहतोय, याकडे पावसाळ्यात सगळ्यांचे डोळे. रस्त्यावर केएमटी बसची वाट. आणि गावाच्या नावाला चिकटलेला तो तुरुंग. कोल्हापुरात ‘कळंब्याला जातो’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, किती वर्षांसाठी? तिथल्या कैद्यांच्या हातचे लाडू काही काळ अंबाबाईच्या प्रसादाला जायचे, दिवाळीचा फराळही विकायला यायचा. भिंतीवरून जाताना मला डीट्रिख बोनहोफर आठवतात. हिटलरच्या विरोधात उभे राहिलेले हे जर्मन पाळक. १९४३च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी मित्राला लिहिलं, की कोठडी ही आगमनकाळासारखीच आहे; माणूस आशा धरतो, काहीबाही करत बसतो, पण दार उघडतं ते बाहेरूनच. पुढे १९४५च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिलं. हे वाचल्यापासून करंज्या, क्रेप कागद आणि पट्ट्यांची भांडणं मला ‘काहीबाही’ या सदरात बसताना दिसतात, आणि मी त्यांच्यावर फार चिडत नाही. पहिल्या रविवारी गप्प बसायला सांगणाऱ्या पाळकसाहेबांच्याही खिशात मंडपवाल्याची पावती असते, ती मी पाहिली आहे.

सगळ्यात मोठी वाट कॅरल पार्टीची. नाताळाआधीच्या रात्री पोरं टेम्पो करून घरोघरी गात फिरतात. मार्ग शहरातून सुरू होतो आणि कळंबा सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात शेवटी. दरवर्षी मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवतं, एकदा कळंब्यापासून सुरू करू. शहरातले सगळे एकदम खोकतात. दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे पुढचं सगळं नुसत्या गळ्यावर. प्रत्येक घरात चहा. आम्ही दारात चांदणी लावून, स्वेटर घालून, खुर्चीत पेंगत बसतो. बारा वाजता फोन येतो, ‘निघालोच.’ एकला पुन्हा, ‘निघालोच.’ उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला की उठून उभं राहायचं, परत बसायचं. कधीतरी दोनच्या सुमाराला कुत्री भुंकतात, ते मात्र खरं असतं.

तोवर त्यांच्या गळ्यात काही उरलेलं नसतं. वरचे सूर लावणाऱ्या पोरी खर्जात गातात आणि खर्जातले नुसते ओठ हलवतात. पण शेवटच्या घराचा एक मान आहे. इथं चहा नाही, जेवण असतं. पांढरा रस्सा घशाला बरा म्हणून आधी तो, मग तांबडा. सांताक्लॉज झालेला पोरगा कापसाची दाढी एका कानाला लटकवून वाटीला तोंड लावतो. रश्श्याचा एक थेंब दाढीवर पडतो. पाळकीणबाई म्हणतात, ‘राहू दे आता, उद्या दुसरी लावू.’

यंदा जेवणं होऊन पोरं टेम्पोत चढत होती, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीचा दिवा लागला. कोरलेल्या तारखेचा डबा ज्यांचा, त्या आजी. मला वाटलं, झोपमोड झाली, आता बोलणार. बोलल्याच. ‘आमच्या दारात का म्हणत न्हाईसा रं? दिवाळीचा डबा तेवढा चालतोय व्हय?’

पोरं उतरली. आजींच्या दारात दोन गाणी झाली, आजींनी उंबऱ्यावर बसून टाळ्यांनी ताल धरला आणि शेवटी पन्नासाची नोट काढली. तोवर समोरच्या घराचा दिवा लागला होता. मग कोपऱ्यावरच्या. टेम्पोवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून होता. तो मान वर करून मला म्हणाला, ‘काका, शेवटचं म्हणालासा की मगाशी.’