ठकीचा गहू

मांजराला गवत लागतं हे आमच्या घरात फक्त मांजरालाच ठाऊक होतं. ठकी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या फ्लॅटमध्ये वाढली. मातीला तिचा पाय म्हणून लागलेला नाही. तरी भाजीची पिशवी जमिनीवर टेकायचा अवकाश, हिचं डोकं आत. तेही नेमकं कांद्याच्या पातीकडे. गेल्या गणपतीत तर तिनं बाप्पासमोरची दूर्वांची जुडी पळवली आणि सोफ्याखाली बसून फस्त केली. उंदीर ज्याचं वाहन, त्याच्याच ताटातलं मांजरानं खावं, याला काय म्हणायचं?

मांजरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूर्वांचं काही नाही. कांद्याची पात मात्र बंद, ती मांजराला विषारी. आणि घरात लिली असेल तर आजच्या आज बाहेर काढा." लिलीचं पान, फूल, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होते. थोडक्यात, आमच्या दिवाणखान्याची शोभा वाढवणारं जे जे होतं, ते ठकीच्या जिवावर उठलेलं होतं. "तिला तिचं गवत द्या ना लावून," बाई म्हणाल्या. "गहू, ओट, जव, काहीही चालेल. पण कृषी केंद्रातलं बियाणं नको, त्याला औषध चोळलेलं असतं. घरातलेच गहू घ्या."

घरातले गहू! आमच्याकडे पीठ येतं ते पिशवीतून. गहू होते ते आईच्या डब्यात. पिशवीतल्या पिठावर तिचा विश्वास नाही. ती स्वतःपुरते गहू निवडून गिरणीत पाठवते. आई निफाडकडची. तिथल्या संशोधन केंद्रानं काढलेलं 'त्र्यंबक' वाण तिच्या माहेरच्या शेतात होतं, आणि गहू म्हटलं की तिचा आवाज जरा वरच लागतो.

"कशाला पाहिजेत मूठभर?"

"पेरायला."

"भाद्रपदात गहू? दिवाळी झाल्याशिवाय कोणी गव्हाला हात लावतं का? आणि पेरणार कुठं?"

मी श्रीखंडाचा रिकामा डबा दाखवला. त्याच्या बुडाला तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनं भोकं पाडली होती.

"आणि खाणार कोण?"

मी ठकीकडे बोट केलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरं शिरू नयेत म्हणून आम्ही रात्र रात्र गव्हाची राखण केली. तू जनावरानं खावं म्हणून पेरतोयस. कर बाबा."

गहू रात्रभर भिजवले, मातीवर दाटीवाटीनं पसरले, वर मातीचा हलका थर दिला. आठवड्याभरात वीतभर पाती आली. ठकीनं आधी डब्याला प्रदक्षिणा घातली, मग त्यात बसून पाहिलं. पीक झोपलं. शेवटी एकदाची ती खायला लागली, आणि ते खाणं बघण्यासारखं होतं. मान वाकडी करायची, एकच पातं दाढांच्या कोपऱ्यात धरायचं, डोळे मिटायचे आणि कच्‌कन तोडायचं. गाईसारखं रवंथ नाही की काही नाही. मांजराचा जबडा आडवा फिरतच नाही, त्यामुळे पातं चघळलं न जाता बरंचसं तसंच्या तसं पोटात जातं. आणि कधीकधी तसंच्या तसं परत येतं. लादी सगळ्या घरभर आहे, पण ठकीला त्या कामासाठी सतरंजीच लागते.

हा काही आमच्याच घरचा प्रताप नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजारावर मांजरवाल्यांना विचारून २०१९ साली निष्कर्ष मांडले. ७१ टक्के मांजरं निदान सहा वेळा तरी गवत-पाला खाताना दिसली होती. खाण्याआधी बहुतेक ठणठणीत होती. नेहमी ओकणारी साधारण चौथा हिस्साच. म्हणजे 'पोट बिघडलं म्हणून खातात' हे काही खरं नाही. संशोधकांचा तर्क असा की ही पूर्वजांची खोड: पाला आतडी ढवळतो आणि जंत बाहेर पडतात. चिंपांझीही असंच करतात. ठकीला जंताचं औषध वेळेवर मिळतं. पण ते तिच्या पूर्वजांना कोण कळवणार?

मग नवरात्र आलं. आईनं परडीत काळी माती घालून, धान्यं पेरून घट बसवला. पाचव्या माळेपर्यंत सगळं ठीक होतं. सहाव्या दिवशी सकाळी आई देवघरासमोर थबकली. परडीची एक बाजू न्हाव्यानं मशीन फिरवावी तशी साफ. ज्या धान्याचे कोंब जोमात, ते पीक त्या वर्षी जोमात, असं आई मानते. तिनं वाकून पाहिलं. "गव्हाचं यंदा काही खरं नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ठकीची धडगत नाही. पण आई चष्मा लावून परडीतला एकेक कोंब चाचपत होती. "ज्वारी खाल्ली का बघते. कोवळी ज्वारी गुरांना लागते, खाऊन मरतात. हिला काय कळतंय." ज्वारी जागच्या जागी होती. आईनं सुस्कारा सोडला आणि देवीला म्हणाली, "मांजर तुझंच आहे, सांभाळून घे." त्या दिवशी श्रीखंडाच्या दुसऱ्या डब्यात गहू तिनंच पेरले.

आता शेजारच्या काकांना त्या डब्यांचा सुगावा लागलाय. ते रोज सकाळी गव्हांकुराचा रस घेतात. रक्त शुद्ध होतं म्हणे. त्यांना मी एक माहिती दिली. या रसाचं वेड जगाला लावलं ते अमेरिकेतल्या ॲन विगमोरबाईंनी, आणि कुत्री-मांजरं बरं नसलं की गवत खातात या समजुतीनं गवतावर त्यांचा विश्वास बसला.

काका विचारात पडले. "आणि खाऊन झाल्यावर मांजर काय करतं?"

मी सतरंजीकडे पाहिलं.

"मला तर गुण आहे," काका म्हणाले आणि खिशातून कात्री काढली. ठकीनं उष्टावलेली बाजू सोडून ते दुसरीकडून कापायला लागणार, एवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली.

"पिकात वाटा पाहिजे, तर पाण्याची पाळीपण घ्यावी लागेल, भाऊ."

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार काकांची पाळी असते. येताना तांब्या स्वतःचाच आणतात.